पहिली दहा माणसं कामावर घेताना: नव्या लघुउद्योजकासाठी पायरीपायरीने

भोसरी, चाकण, रांजणगाव, कुठेही नवं शेड घेतलेल्या माणसाला विचारा, सगळ्यात मोठी अडचण कोणती? भांडवल नाही, ऑर्डर नाही, वीजही नाही. उत्तर एकच येतं: "माणसं टिकत नाहीत." मशीन कर्ज काढून आणता येतं. त्यावर उभा राहणारा चांगला ऑपरेटर मात्र तीन महिन्यांत शेजारच्या गल्लीत निघून जातो आणि मालक म्हणतो, आजकालच्या पोरांना कामच नको.

हे वाक्य मला पटत नाही. पोरांना काम हवं आहे, पण ते काम कुठल्या अटींवर करायचं हे आता तेही ठरवतात. टेल्कोत किंवा बजाजमध्ये परमनंट झालेली मागची पिढी एका गेटमधून आत गेली ती निवृत्त होऊनच बाहेर पडली. त्यांच्या मुलाला तसं गेट दिसत नाही. त्याच्यापुढे कंत्राटी नोकरी आहे, अप्रेंटिसशिप आहे, डिलिव्हरीची बाइक आहे आणि खिशात मोबाइल आहे, ज्यावर कोणत्या कंपनीत किती पगार चालू आहे हे दहा मिनिटांत कळतं. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या गिग कामगारांची (ॲपवरून किंवा सुटं काम घेणाऱ्यांची) संख्या 2020-21 साली 77 लाख धरली होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज दिला होता. नवा कारखानदार माणसांसाठी शेजारच्या कारखान्याशी झगडतो, तसाच या ॲपवाल्यांशीही झगडतो.

त्यातच 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. म्हणजे नेमके नियम बदलत असतानाच तुम्ही सुरुवात करताय. जुन्या सवयी मोडायच्या नाहीत, नव्याच लावायच्या आहेत, हा तुमचा फायदा समजा. खाली जो क्रम दिला आहे तो छोट्या इंजिनिअरिंग शेडला डोळ्यासमोर ठेवून आहे: दोन-तीन व्हीएमसी, एखादं सीएनसी (दोन्ही संगणकावर चालणारी, धातू कापणारी मशीनं), थोडं असेंब्लीचं काम. दुकान किंवा गोदाम असेल तर तपशील बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

पहिली पायरी: जाहिरातीआधी काम कागदावर लिहा

"ऑपरेटर पाहिजे" असा मेसेज व्हॉट्सॲपवर टाकला की चाळीस फोन येतात आणि त्यातले पस्तीस वाया जातात. त्याऐवजी अर्ध्या पानावर लिहा: मशीन कोणतं, कंट्रोलर कोणता, सेटिंग (नव्या कामासाठी मशीन लावून घेणं) करायचं की फक्त लोडिंग-अनलोडिंग, शिफ्ट किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, ओटी (जादा वेळेचं काम) साधारण किती असतो, हातात किती पडतील. शेवटची ओळ लपवू नका. "पगार मुलाखतीत ठरवू" म्हटलं की अनुभवी माणूस फोनच करत नाही. त्याला माहीत असतं की तिथे घासाघीस होणार.

हेल्पर, ऑपरेटर, सेटर हे तीन वेगळे लोक आहेत. हेल्परच्या पगारात ऑपरेटर आणि ऑपरेटरच्या पगारात सेटर मिळवायचा प्रयत्न करणाऱ्या शेडमध्येच माणसं सगळ्यात लवकर सोडून जातात.

दुसरी पायरी: माणसं आणायची कुठून

ओळखीपाळखीने येणारी माणसं चांगली, पण एकाच गावचे पाच जण घेतले तर यात्रेला पाचही एकदम जातात. म्हणून दोन-तीन वाटा ठेवा.

आयटीआयमध्ये स्वतः जाऊन या. औंधच्या आयटीआयमधला निदेशक तुम्हाला सांगेल की मशिनिस्टची, टर्नरची कोणती बॅच कधी बाहेर पडते. मोठ्या कंपन्या कॅम्पसला येतातच, पण त्या सगळ्यांना घेत नाहीत. राहिलेल्यांत हाताने चांगली आणि बोलायला बुजरी मुलं बरीच असतात. छोट्या शेडला हवी असतात ती हीच.

दुसरी वाट अप्रेंटिसची. अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. तुमचे दहाच जण असतील तरी घ्या. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिन्याला 1,500 रुपयांच्या मर्यादेत, सरकार देतं. एक मात्र काटेकोरपणे पाळा: अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर नव्हे. वर्षभर त्याला फक्त बर (कापलेल्या धातूची खरखरीत कड) काढायला आणि झाडू मारायला लावलं तर वर्ष संपताच तो जाईल आणि मागून येणाऱ्या बॅचला सांगून जाईल की इकडे येऊ नका.

तिसरी वाट ठेकेदाराची. नव्या उद्योजकाला ती सोपी वाटते, कारण नोंदी ठेवायची कटकट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पण ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच येते, आणि नव्या संहितेत मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणसं लावण्यावर, काही अपवाद सोडून, बंदी आहे. सफाई, सुरक्षा, माल चढवणं-उतरवणं एवढ्यापुरताच ठेकेदार ठेवा. मशीनवरची माणसं स्वतःच्या हजेरीपटावर घ्या. काम तात्पुरतंच असेल तर निश्चित मुदतीची नेमणूक करा. त्यात पगार-सवलती कायम कामगाराइतक्याच द्याव्या लागतात आणि एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटीही लागू होते. पण हिशेब सरळ असतो आणि माणसालाही कळतं की आपण कोणाकडे काम करतो.

तिसरी पायरी: पगाराचं गणित त्याच्यासमोर मांडा

या पायरीवर जरा थांबू या, कारण निम्मी भांडणं इथेच जन्माला येतात. मालक म्हणतो अठरा हजार दिले, कामगार म्हणतो सोळाही मिळाले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात.

समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये, वेगळे भत्ते नाहीत. पीएफची कमाल वेतनमर्यादा 15,000 धरून 12 टक्के म्हणजे 1,800 कापले. ईएसआयचा (कामगार विम्याचा) कामगाराचा हिस्सा 0.75 टक्के, म्हणजे 135. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात आले 15,865. कामगार महिला असेल तर महाराष्ट्रात 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात 16,065.

आता मालकाची बाजू. तुमचा पीएफ 1,800, त्यावर प्रशासकीय शुल्क आणि विम्याचे मिळून 150, ईएसआय 3.25 टक्के म्हणजे 585. एका माणसाचे 18,000 नव्हे, 20,535 रुपये झाले. बोनस, पगारी रजा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद अजून यात धरलेलीच नाही. ऑर्डरचा रेट काढताना हा आकडा धरा. जॉबवर्कचा रेट 18,000 धरून काढला की सहाव्या महिन्यात पीएफ भरायला पैसे उरत नाहीत. मग जे होतं ते फार वाईट असतं: कामगाराच्या पगारातून कापून घेतलेले पैसेही भरले जात नाहीत. हे करू नका. दुसरं काहीही थकवा, हे थकवू नका.

हा हिशेब एका कागदावर, मराठीत किंवा त्याला वाचता येईल त्या भाषेत, नेमणुकीच्या दिवशीच त्याच्यासमोर ठेवा. हातात किती, कापले किती, कापलेले कुठे गेले. त्याच्या फोनवर पीएफचं पासबुक उघडून दाखवा. पुढच्या महिन्यात तिथे 1,800 अधिक तुमचा हिस्सा दिसला की "कंपनी पैसे खाते" ही कुजबुज सुरूच होत नाही.

पीएफ 20 माणसांपासून सक्तीचा आहे, ईएसआय 10 पासून. तुमची दहाच माणसं असतील तर पीएफ ऐच्छिकपणे, कामगारांच्या संमतीने, लावून घेता येतो. माझं स्पष्ट मत: लावा. ज्याने आधी कुठे काम केलं आहे त्याच्याकडे यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असतोच, आणि तो पहिल्या फोनवर विचारतो, "पीएफ आहे का?" "नाही" म्हटलं की फोन ठेवला जातो. शिवाय 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या तरुणाला प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेखाली एक महिन्याच्या वेतनाइतकी, जास्तीत जास्त 15,000 रुपयांची मदत दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्ष झाल्यावर. नव्या मुलाला थांबण्याचं कारण सरकारच देतंय, तर ते त्याला सांगा तरी. त्याच योजनेत मालकाला मिळणाऱ्या रकमेचे निकष वेगळे आहेत, ते तुमच्या पीएफ सल्लागाराकडून तपासून घ्या.

नव्या संहितेतली आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन पाच हजार आणि बाकी सगळे भत्ते, अशी जुनी स्लिप आता चालणार नाही. आणि महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तेव्हा वर्षातून दोनदा परिपत्रक पाहायचंच.

चौथी पायरी: नेमणूकपत्र

आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. इंटरनेटवरून उतरवलेलं सहा पानी इंग्रजी पत्र देऊ नका. एक पान पुरे: पद, वेतन, कामाची वेळ, सुट्ट्या, रजा, नोटिशीचा कालावधी, ओटीचा दर. आठवड्याला 48 तास, त्यावरचं काम दुप्पट दराने. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायची काही जणांना सवय असते. आधारची, मार्कशीटची छायांकित प्रत घ्या आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करा. कागद अडकवून माणूस थांबत नाही, तो फक्त मनाने आधी निघून जातो.

पाचवी पायरी: पहिला दिवस आणि पहिला आठवडा

नवा ऑपरेटर सकाळी साडेसातला येतो. सुपरवायझर कुठल्या तरी ब्रेकडाऊनमध्ये अडकलेला असतो. कुणीतरी सांगतं, "त्या तीन नंबरवर उभा राहा." जुना ऑपरेटर डोकं वर न काढता म्हणतो, "हे दाब, मग ते दाब." दुपारी चार पीस रिजेक्ट जातात आणि सगळ्यांसमोर त्याला बोल लावला जातो. तिसऱ्या दिवशी तो येत नाही आणि फोन उचलत नाही. हे मी इतक्या शेडमध्ये पाहिलं आहे की याला योगायोग म्हणवत नाही.

त्याऐवजी पहिल्या आठवड्याला एक जोडीदार नेमून द्या आणि त्या जोडीदाराला महिन्याकाठी थोडा शिकवणी भत्ता द्या. तो वसूल होतो. पहिल्या दिवशी उत्पादन मागू नका. सेफ्टी शूज त्याच्या मापाचे आहेत ना, गॉगल आहे ना, इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर तो नीट वाचतो का, पाणी कुठे, डबा कुठे खायचा, टॉयलेट कुठे, एवढं झालं की दिवस सत्कारणी लागला. बाहेरगावचा असेल तर कुठे राहतोय हे विचारा. कॉट बेसिसवर (फक्त खाटेपुरतं भाडं देऊन) सहा जणांत राहणारा मुलगा नाइटनंतर दिवसा झोपू शकत नाही, कारण खोलीतले दुसरे चार जण तेव्हा जागे असतात. त्याची चूक मशीनवर दिसते, कारण खोलीत असतं. दोन खोल्या घेऊन शिफ्टप्रमाणे माणसं वाटून ठेवणारे मालक मला माहीत आहेत. भाडं जातं, पण नाइटचं रिजेक्शन उतरतं.

सहावी पायरी: शिफ्ट, सुट्ट्या आणि गावाची ओढ

डिलिव्हरीच्या कामात पैसे कमी-जास्त होतात, पण आज काम करायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो आणि पैसे आठवड्याला मिळतात. कारखान्यात ही मोकळीक देता येत नाही, हे खरं. पण दोन गोष्टी देता येतात. एक, शिफ्टचं वेळापत्रक निदान आठवडाभर आधी लावणं आणि ते न मोडणं. रात्री दहाला "उद्या फर्स्टला ये" असा मेसेज टाकणारा सुपरवायझर तुमची माणसं पळवतो. दुसरी, पगाराची तारीख. कायद्याने पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत पगार व्हायला हवा. तुम्ही 5 ठरवा आणि पाळा. कस्टमरचं पेमेंट आलं नाही ही अडचण तुमची, कामगाराची नव्हे. महिन्याच्या मध्यावर थोडी उचल देण्याची सोय ठेवा, पण ती नोंदवून द्या. एका पगारातून सगळी मिळून कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये.

सुट्ट्यांचं म्हणाल तर जानेवारीतच एक मोठा कागद घ्या आणि प्रत्येकाला त्याचं गाव आणि त्याचा सण विचारा. कोकणातला गणपतीला जाणारच. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मुलाला पोळ्याला घरी जायचं असतं, मराठवाड्यातला पेरणीच्या वेळी दोन-चार दिवस मागतो. बिहारचा छठला, उत्तर प्रदेशातला होळीला. हे सगळं आधीच माहीत असताना दरवर्षी "अचानक माणसं गेली" असं म्हणण्यात अर्थ नाही. कोण कधी जाणार हे कागदावर आलं की एकमेकांची जागा भरता येते: गणपतीत बिहारी मुलगा कोकणातल्याची शिफ्ट ओढतो, छठला कोकणातला त्याची. रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी काढता येतं, तेव्हा रजाही साठ दिवस आधी मंजूर करा. तिकीट हातात असलेला माणूस परत यायचं तिकीटही काढतो. न सांगता गेलेला लाजेने परत येत नाही.

सातवी पायरी: महिला कामगार

देशातल्या 15 वर्षांवरील महिलांचा श्रमबळातला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. त्यात शेतीतलं आणि घरच्या व्यवसायातलं काम बरंच आहे. पण असेंब्ली, इन्स्पेक्शन, पॅकिंगच्या लाइनवर मुली किती वाढल्यात हे चाकणमध्ये सकाळच्या कंपनी बसकडे पाहिलं तरी कळतं. तरीही छोटी शेड्स महिलांना घेत नाहीत. विचारलं तर कारण सुरक्षेचं सांगतात. आत जाऊन पाहिलं तर खरं कारण दिसतं: वेगळं, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृहच नाही. आधी ते बांधा, मग जाहिरात द्या.

संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 च्या आधी महिलांना काम देता येतं, पण त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची, ने-आणीची व्यवस्था करून. संमती म्हणजे नेमणूकपत्रातली बारीक अक्षरातली ओळ नव्हे. नाही म्हणणारीला दिवसाची शिफ्ट मिळायला हवी. दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती नेमावीच लागते: अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता आणि समितीतल्यांचे नंबर भिंतीवर लावा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

आठवी पायरी: पुढे काय, हे भिंतीवर दिसू द्या

मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या शेडमध्ये ऑडिटर आला की स्किल मॅट्रिक्स विचारतो. डाव्या बाजूला नावं, वर मशीनं, प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ. शिकतोय तर पाव भरलेलं, देखरेखीखाली चालवतो तर अर्धं, एकटा चालवतो तर पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण. बहुतेक ठिकाणी हा तक्ता ऑडिटच्या आदल्या रात्री भरला जातो. फार मोठी संधी वाया जाते. तोच तक्ता खरा ठेवा आणि पगाराला जोडा: आणखी एका मशीनवर पाऊण वर्तुळ झालं की अमुक रुपये वाढ, सेटिंग स्वतः केलं की अमुक. दर तीन महिन्यांनी, सगळ्यांसमोर, हातात पीस घेऊन तपासा.

हे केलेल्या शेडमध्ये हेल्पर जेवणाच्या सुट्टीत सेटरच्या मागे उभा राहून ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती) कसा घेतात ते पाहताना दिसतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दोन वर्षांनी तो बाहेर जास्त पगारावर जाईल ही भीती मालक बोलून दाखवतात. जाईलही. पण ती दोन वर्षं तो तुमच्याकडे होता, आणि न शिकवलेला तर तीन महिन्यांतच गेला असता.

नववी पायरी: जाणाऱ्याचा हिशेब

राजीनामा असो की काढून टाकणं, नव्या वेतन संहितेप्रमाणे देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. "पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर ये" हे आता चालत नाही. त्याच दिवशी अनुभवपत्र द्या आणि पीएफच्या पोर्टलवर त्याची सोडल्याची तारीख टाका. ती टाकली नाही तर दोन महिने थांबून त्याला ती स्वतः टाकावी लागते, आणि तोवर त्याची जुनी रक्कम नव्या खात्यात न्यायचं काम अडकतं. पाच मिनिटांचं काम आहे. जाताना पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा: कुठे चाललास, किती मिळणार, इथलं काय आवडलं नाही, कोणाशी पटलं नाही, परत बोलावलं तर येशील का. मालकाने स्वतः विचारावं, सुपरवायझरने नव्हे, कारण बऱ्याचदा चौथ्या प्रश्नाचं उत्तर सुपरवायझरच असतो. सहा महिन्यांनी ती वही उघडून पाहिलीत की पुढची जाहिरात काय लिहायची आणि शेडमध्ये आधी काय बदलायचं, ते त्यातच सापडेल.